बाजूच्या सीटवरचा पाय

मास्तरीणबाईंच्या हाताखालून तीन हजार माणसं गाडी शिकून गेली आणि पोटची लेक तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्या तीन हजारांत एक आजोबा होते, त्यांना डावं-उजवं कळत नव्हतं. एक शिंपी होता, तो क्लचवर शिलाई मशीनसारखा पाय हलवायचा. आणि एक बाई तर अशी होती की गाडी सुरू झाली की डोळेच मिटून घ्यायची. त्या सगळ्यांना परवाने मिळाले. लेक दोनदा नापास झाली.

शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा ब्रेक मास्तरीणबाईंनी चोवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून राखला होता. कुत्रं आडवं येणार हे कुत्र्याला कळायच्या आधी त्यांच्या उजव्या पायाला कळायचं. चोवीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, आणि ही गोष्ट त्या दिवसातून किमान एकदा कुणाला तरी सांगायच्या. शिकणारे त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि माघारी ब्रेकताई. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता. नवरा गाडी चालवायचा आणि बाई बाजूला बसायच्या, पण पाय कुठला गप्प बसतोय! पायाखालच्या रबरी मॅटला त्यांच्या टाचेने भोक पाडलं होतं. मॅट दोनदा बदलली, भोक तिथेच पडलं. नवरा म्हणायचा, "अजून दोन वर्षांनी तुझा पाय खाली रस्त्याला लागेल. मग खराच ब्रेक होईल."

लेक सव्वीस वर्षांची. आजारातून उठलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडून व्यायाम करून घ्यायचं काम ती शिकली होती. आता घरोघरी जाऊन हेच काम करण्याची नोकरी तिला मिळाली होती, हवी होती अगदी तशी. अट एकच होती, महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं आणि स्वतः गाडी चालवत यायचं. परवान्याची तिसरी परीक्षा वीस तारखेला होती. तिसऱ्यांदा नापास झालं की सहा महिने परीक्षेला बसता येत नाही, असा नियम. म्हणजे वीस तारखेला गाडी हुकली तर नोकरीही हुकली.

पहिल्या परीक्षेत तिने एका सायकलवाल्याच्या अंगावर गाडी नेली होती. परीक्षकाने ब्रेक दाबला म्हणून बरं. दुसऱ्या परीक्षेत वीस मिनिटांत ती अकरा वेळा थांबली, आणि त्यातल्या नऊ वेळा समोर काहीही नव्हतं. घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत तिने सांगून टाकलं होतं, "आई, आता तुझ्याकडे शिकणार नाही. दुसरीकडेही नाही. काहीच बोलू नकोस." त्याला तीन आठवडे झाले होते. दोघी एका घरात राहत होत्या, एका टेबलावर जेवत होत्या, मीठ दे आणि पाणी दे एवढं बोलत होत्या. गाडीचं नाव निघत नव्हतं.

मास्तरीणबाईंच्या जिवाला याचा फार त्रास होत होता. जगाच्या पोरांना रस्त्याला लावलं आणि आपलीच रस्त्यावर उभी, हे त्यांना रात्रंदिवस टोचत होतं.

आता या सगळ्यात पाणी कुठून आलं ते सांगायला हवं. गाडी शिकवायचं मैदान गावाबाहेर तलावाच्या काठावर होतं. दिवसाचे आठ-नऊ तास बसून बाईंची कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, उभ्याने करायचं काहीतरी शोधा. चाला, पोहा. बाई रोज दुपारी मैदानात डबा खाताना तलावावरची रंगीत शिडं बघायच्या. लांबट फळी, तिच्यावर उभी काठी, काठीला शीड, आणि शिडाची आडवी दांडी दोन हातांनी धरून पाण्यावर पळणारी माणसं. विंडसर्फिंग. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बाई मैदानातून निघाल्या त्या थेट धक्क्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "उभ्यानेच करायचं ना हे? मग मला शिकवा."

धक्क्यावर एक सुतार होता. फळ्या दुरुस्त करायचा आणि जोडीला शिकवायचा. सगळे त्याला दादा म्हणत. दादांची शिकवायची रीत अशी की ते काठावर सगळं एकदा समजावून सांगत, आणि माणूस पाण्यात गेला की त्याच्याकडे पाठ करून आपल्या फळीला पॉलिश पेपर घासत बसत. वर म्हणून बघत नसत. मास्तरीणबाईंना पहिल्या दिवशीच याचा संताप आला.

"अहो दादा, शिकवणाऱ्याने बघायला नको?"

"ऐकतो ना मी."

"काय ऐकता?"

"पडल्याचा आवाज. धप्प आला तर पाठीवर पडलात. चुबुक आला तर तोंडावर. फळीवर डोकं आपटलं तर तो आवाज वेगळाच असतो, मग मी उठतो."

हा शिकवतो की मोजतो, असं बाई नवऱ्याला म्हणाल्या. पण तीन उन्हाळ्यांत त्या सरळ जायला शिकल्या हे खरं. कमरेचा पट्टा शिडाच्या दोरीत अडकवायचा, पाय फळीवरच्या पट्ट्यांत सारायचे, आणि वारा धरला की फळी पाण्यावरून अशी सुटायची की बाईंच्या तोंडून हसू फुटायचं. कंबर केव्हा बरी झाली ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. हा चौथा उन्हाळा होता आणि आता वळण शिकायचं होतं.

वळणं तशी बाईंना येत होती. हळूहळू थांबून, फळीवर चार पावलं टाकून तोंड फिरवायचं, बैलगाडी वळवावी तसं. पण खरं वळण वेगळं. पूर्ण वेगात यायचं, मागचा पाय पट्ट्यातून काढून फळीच्या आतल्या काठावर ठेवायचा, गुडघे वाकवायचे आणि बोटांनी काठ दाबत राहायचं. फळी कडेवर कलते आणि पाण्यात मोठा गोल काढत वळते. वारा पाठीशी आला की पाय बदलायचे, शीड एका हाताने सोडायचं, ते समोरून गर्रकन फिरलं की पलीकडून धरायचं आणि चालू पडायचं. या वळणाला ते लोक जाइब म्हणतात. ते एका टोकाला बाईंना आठवड्याभरात जमलं. तलावाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे बघायला बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं, तिथे त्या दहातल्या सहा वेळा झोकात वळायच्या. आणि अलीकडे, धक्क्यासमोर, चार लोकांच्या देखत, दर वेळी धप्प.

दर वेळी म्हणजे दर वेळी. महिना झाला. बाईंच्या नाकीनऊ आले. एका दुपारी त्या निथळत धक्क्यावर चढल्या आणि दादांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. अंगावरून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतूनही गळत होतं की काय, ते सांगणं कठीण.

"आज तरी बघा माझ्याकडे. काय चुकतं ते सांगा. तीन हजार लोकांना मी गाडी शिकवली, मी काही ढ नाही."

दादांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. बाईंकडे न बघता त्यांनी बाईंची फळी उलटसुलट केली आणि गुडघ्यावर घेतली. फळीवर पाय घसरू नये म्हणून खरखरीत थर असतो. तो सगळीकडे होता, फक्त मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, टाचेएवढी एक जागा गुळगुळीत झाली होती.

"हे काय आहे?" दादांनी विचारलं.

"घासलंय."

"कुणी? धक्क्याकडे येताना तुमचा उजवा पाय मागे असतो. पलीकडे डावा असतो. डाव्याने वळता, उजव्याने पडता. बाई, तुम्ही ब्रेक मारता."

"काहीतरीच! फळीला कुठला ब्रेक?"

"नाही ना? म्हणूनच. वळण जवळ आलं की तुमची टाच धाडकन खाली जाते. मागचं टोक बुडतं, वेग मरतो. वेग मेला की वारा शिडावर येऊन बसतो आणि तुम्हाला ओढून टाकतो. वाऱ्याबरोबर पळत राहिलात तर शीड हातात पिसासारखं होतं. जितका वेग, तितकं हलकं."

बाई उसळल्या. "वळणाआधी वेग कमी करायचा असतो. चोवीस वर्षं मी हेच शिकवते. पाटीवर लिहिलेलं आहे आमच्या!"

"रस्त्यावर बरोबर आहे ते. तुमच्या पाटीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इथे पाय आवरा. आणि पायाकडे बघू नका. फळी नजरेमागे जाते. जिकडे जायचंय तिकडे बघा."

सोनारानेच कान टोचलेले बरे. हेच नवऱ्याने सांगितलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

बाई पुन्हा पाण्यात गेल्या आणि आठ वेळा पडल्या. आता कारण कळलं होतं, पण कारण कळून पाय ऐकत नव्हता. वळण आलं की मनाशी म्हणायच्या, आवर, आवर, आणि तेवढ्यात नजर खाली पायाकडे जायची आणि टाच ठरल्या जागी जाऊन बसायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे काही उगाच म्हणत नाहीत.

संध्याकाळी नवऱ्याने त्यांना न्यायला गाडी आणली. बाई बाजूला बसल्या. चौकात एक बस वळली तशी त्यांची टाच मॅटच्या भोकात गेली. त्यांनी खाली वाकून त्या भोकाकडे पाहिलं. दुपारची गुळगुळीत जागा होती त्याच आकाराचं ते होतं. घर येईपर्यंत त्या भोकाकडेच बघत राहिल्या, म्हणून नवरा घाबरला.

लेक आपल्या खोलीत जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या. दार उघडंच होतं, तरी त्यांनी वाजवलं.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"पहिल्या परीक्षेत तो सायकलवाला. तुला दिसला नव्हता का?"

लेकीने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "दिसला होता. लांबून दिसला होता."

"मग?"

"मी वाट बघत होते, आई."

"कसली?"

"पायाची. तुझ्या शेजारी शिकले तेव्हा मी रस्ता बघतच नव्हते. डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझा पाय बघायचे. तुझा पाय हलला की थांबायचं, नाही हलला की जायचं. एवढंच येतं मला. परीक्षकाचा पाय अगदी शेवटच्या क्षणापर्यंत हललाच नाही. मला वाटलं, म्हणजे काही नाही, चला." तिने टॉवेल बाजूला ठेवला. "आणि दुसऱ्यांदा त्याने पायावर पाय टाकला, खाजवला, बूट हलवला. तो हलला की मी थांबायचे."

मास्तरीणबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. अकरा वेळा का, ते आता कळलं. त्यांना हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीतरी विचित्रच आवाज निघाला. जिला जपण्यासाठी इतकी वर्षं पाय तयार ठेवला, तिला त्याच पायाने अडवून धरलं होतं. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून वाटली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून लेकीने याआधी ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. "वीस तारखेला अजून बारा दिवस आहेत. रोज एक तास बाबांच्या गाडीतून जाऊ. तिला दुसरा ब्रेक नाही."

"ब्रेक नाही, पण पाय आहे ना! त्या भोकाकडे बघितलंस कधी?"

"आजच बघितलं. पायाचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक चालकाच्या जागी बसली, आरसा नीट केला, पट्टा लावला आणि बाजूला बघून थक्क झाली. मास्तरीणबाईंनी चपला मागच्या सीटवर टाकल्या होत्या आणि आपल्या सीटवर त्या चक्क मांडी घालून बसल्या होत्या. पट्टा लावलेला, दोन्ही पाय अंगाखाली, हात मांडीवर.

"हे काय?"

"बसले आरामात. चल."

"अगं, पण तुझे गुडघे!"

"गुडघ्यांचं मी बघीन. तू रस्ता बघ."

गाडी निघाली. तलावाच्या रस्त्याने मोठ्या गोल चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या चौकात पाच रस्ते मिळतात आणि ट्रकवाले तिथे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. बाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. चौक जवळ आला तसा उजवा पाय मांडीखालून सुटायला धडपडू लागला. त्यांनी त्यावर आणखी भार दिला. उजवीकडून ट्रक येत होता, आणि गाडी पुढे जात होती. लेकीची नजर सवयीने खाली आली, पण तिथे पाय नव्हता. नुसती मॅट होती आणि मॅटचं भोक. एक क्षण तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने मान वर केली, ट्रककडे पाहिलं, आणि स्वतःच्या पायाने ब्रेक दाबला. जरा जोरात लागला. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. ट्रक गेला.

"बघितलंस?" लेक म्हणाली.

"नाही. मी ट्रककडे बघत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. ते काही पूर्ण खरं नव्हतं, पण पहिला दिवस होता.

"मग जाऊ?"

"ते तू ठरव."

ती गेली. चौकाला एक चक्कर मारली, मग वाट चुकली म्हणून दुसरी मारली. घरी पोचल्यावर बाईंना गाडीतून उतरता येईना, दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. नवऱ्याने एका बाजूने आणि लेकीने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना घरात नेलं. शेजारच्यांना वाटलं अपघात झाला.

असं अकरा दिवस चाललं. चौथ्या दिवशी बाईंनी मांडीखाली उशी घेतली. सातव्या दिवशी पाय सुटायला धडपडायचा थांबला. नवव्या दिवशी एक मांजर आडवं गेलं आणि ते लेकीला बाईंच्या आधी दिसलं. बाईंना आधी अपमान वाटला, आणि मग इतका आनंद झाला की त्या मांजराला त्यांनी खिडकीतून हात केला.

वीस तारखेला लेकीने बजावलं, "तू परीक्षेला येऊ नकोस. बाबा येतील. तुझा पाय मला भिंतीपलीकडूनही दिसेल." मास्तरीणबाईंनी सुट्टी काढली होती. घरी बसवेना, म्हणून तलावावर गेल्या. वारा चांगला होता. दादा पाठ करून फळी घासत बसले होते. बाईंनी त्यांना सांगितलं, "दहा वाजता परीक्षा आहे."

"तुमची?"

"माझी कसली! लेकीची."

"मग तुम्ही जा पाण्यात," दादा म्हणाले आणि घासत राहिले.

पलीकडच्या टोकाला बाई वळल्या आणि धक्क्याकडे सुटल्या. उजवा पाय मागे होता. मनात वळण नव्हतंच. मनात गोल चौक होता, पाच रस्ते होते, आणि या घडीला तिथे कुणीतरी एकटीच ठरवत होतं, थांबायचं की जायचं. आपण काही करू शकत नाही, हे त्यांना एकदम स्पष्ट कळलं. भीती वाटली, पण पायात आली नाही. त्यांनी कमरेचा पट्टा सोडवला, पाय काढून काठावर ठेवला आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या झाडाकडे बघितलं, कारण वळून झाल्यावर तिकडेच जायचं होतं. फळी कलली. वेग तसाच राहिला. आणि वारा पाठीशी येताच हातातलं शीड खरोखर हलकं झालं, इतकं की दांडी धरली आहे की नाही तेही कळेना. त्यांनी पाय बदलले, शीड सोडलं, ते फिरलं, पलीकडून हातात आलं. झाड समोर होतं, आणि बाई त्याच्याकडेच चालल्या होत्या.

धक्क्यावर दादांचा हात थांबला. आवाज का नाही आला म्हणून त्यांनी मान वळवून वर पाहिलं.

मास्तरीणबाईंनी आणखी चार वळणं घेतली. त्यातल्या दोनदा पडल्या, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. साडेअकराच्या सुमाराला तलावाच्या रस्त्यावरून घरची गाडी येताना दिसली. चालकाच्या जागी लेक होती. नवरा मागच्या सीटवर पेपर वाचत बसला होता. लेकीने गाडी दोन झाडांच्या मध्ये नीट लावली, उतरली आणि धक्क्याच्या टोकापर्यंत पळत आली. तिच्या हातातला कागद बघायची गरज नव्हती, तरी बाईंनी ओल्या हातांनी तो घेतला आणि पूर्ण वाचला, खालच्या सहीसकट. मग लेकीला इतकं घट्ट मिठीत घेतलं की तिचे परीक्षेचे कपडे ओले झाले.

"किती वेळा थांबलीस?" त्यांनी विचारलं.

"चार वेळा. चारही वेळा समोर काहीतरी होतं."

परत जाताना मास्तरीणबाई बाजूच्या सीटवर बसल्या. मांडी घालायला लागल्या तशी लेक म्हणाली, "आता राहू दे गं, पाय खाली सोड." त्यांनी पाय खाली सोडले. खाली मॅट होती, मॅटला भोक होतं. उन्हात गाडीची काच तापली होती, केस अजून ओले होते. दोघी जरा वेळ बोलल्या, ट्रकवाल्यांबद्दल, परीक्षकाच्या बुटांबद्दल, एक तारखेबद्दल.

गोल चौक आला तेव्हा लेकीने थांबून उजवीकडे पाहिलं, एक बस जाऊ दिली आणि वळण घेतलं. मागून नवऱ्याने पेपर खाली केला आणि खुणेने तिला दाखवलं. तिने बाजूला बघितलं. आईची मान खिडकीला टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं आणि पाय मॅटवर कसेही पसरले होते. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच बाजूच्या सीटवर आईला झोप लागली होती. लेकीने घराकडचा रस्ता सोडून दिला आणि चौकाला आणखी एक चक्कर मारली.